मागची चाकं आधी

१

आमच्या शेडमध्ये एक जुना विनोद आहे आणि नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकावाच लागतो. लोक बिघडलेल्यांना रुळावर आणतात, आम्ही चांगल्या चाललेल्यांना आणतो. म्हणजे असं, की रस्त्यावरचे साधे ट्रक आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही पुढे एक आणि मागे एक अशा लोखंडी चाकांच्या दोन जोड्या बसवतो. मग तो ट्रक रस्त्याने फाटकापर्यंत जातो, फाटकात रुळांवर सरळ उभा राहतो, लोखंडी चाकं खाली सोडतो आणि आगगाडीच्या वाटेने निघतो. रूळ तपासायला, वरच्या तारा दुरुस्त करायला अशा गाड्या लागतात. मी तिथला फिटर आहे. सव्वीस वर्षं झाली.

या कामात एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवावी लागते. गाडीचा हँडब्रेक मागच्या रबरी चाकांवर असतो. लोखंडी चाकांत ब्रेक फक्त पुढच्या जोडीला असतो. म्हणून चाकं उतरवताना आधी पुढची जोडी सोडायची, तिचा ब्रेक आवळायचा आणि मगच मागची. उलट केलं, मागची आधी सोडली, तर मागची रबरी चाकं उचलली जातात आणि हँडब्रेक हवेत राहतो. गाडीला धरून ठेवणारं काहीच उरत नाही. या अवस्थेला आम्ही 'अधांतरी' म्हणतो. जमीन सपाट असेल तर शिव्या बसतात. उतार असेल तर माणूस मरतो.

चाकं सोडायचे दांडे केबिनच्या बाहेर, पायरीशेजारी असतात. एकावर पांढऱ्या रंगात १, दुसऱ्यावर २. ते आकडे मीच काढतो. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, अशाच एका ट्रकवर ड्रायव्हर होते. अकरा महिन्यांपूर्वी एका उतारावरच्या फाटकात त्यांनी दांडा ओढला, मागची चाकं आधी उतरली आणि गाडी सुटली. पुढे रुळांवर वाकून काम करणारा एक गँगमन तिच्याखाली गेला. भाऊजी तिला थांबवायला पायरीला लटकून राहिले, तेही गेले. चौकशी झाली. अहवालात लिहिलं आहे: चालकाने चुकीचा दांडा ओढला.

२

भाऊजींनी बरोबर दांडा ओढला होता.

त्याच्या दोन दिवस आधी गाडी माझ्याकडे आली होती. दांड्यांकडून चाकांकडे तेल नेणारा एक पाइप गळत होता. हात जाईना म्हणून मी दोन्ही पाइप काढले, गळका बदलला आणि परत बसवताना अदलाबदल केली. दिसायला दोन्ही सारखेच. बसवल्यावर चाकं एकदा खालीवर करून बघायची असतात. शनिवार होता, घरी जायचं होतं, मी फॉर्मवर टिक मारली आणि सही केली. म्हणजे १ नंबरचा दांडा ओढला की मागची चाकं उतरणार होती. भाऊजींनी १ नंबरचाच ओढला.

अपघातानंतर गाडी क्रेनने उचलून शेडमध्ये आणून टाकली. चौकशीवाले यायच्या आधी सगळे चहाला गेले होते. मी खाली शिरलो, पाइप बघितले आणि मला कळलं. मग मी एकोणीसचा पाना घेतला आणि दोन्ही पाइप जिथे असायला हवे होते तिथे बसवले. फार तर सात मिनिटं लागली असतील. पाइपांवरची धूळ पुसली गेली होती, म्हणून मूठभर माती घेऊन वर चोळली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ती मूठभर माती आठवली की मला स्वतःची किळस येते.

चौकशी अधिकाऱ्यांनी विचारलं, "पाइप बरोबर होते?"

मी म्हटलं, "बरोबर होते."

ताई तेव्हा बाहेर बाकावर बसली होती. दार उघडंच होतं.

३

आता तीच गाडी दुरुस्त होऊन उभी राहिली. नवी केबिन, नवा रंग. नियमाप्रमाणे सात दिवस चाचणी घ्यायची होती. शेडच्या मागे आमचा एक बाजूचा रूळ आहे, आठशे मीटरचा, शेवटी मातीचा ढीग. रोज दुपारी तीन वाजता एक फेरी पुढे, ब्रेक तपासायचा, तसंच मागे यायचं. गाडी ज्याने तपासली त्यानेच ती चालवायची. म्हणजे मीच.

गाडी रुळांवर घेतली की पुढची रबरी चाकं सरळ करून स्टिअरिंगच्या दांड्यात बोटभर जाडीची पिन ठोकतात. रुळावर वळवायचं काही नसतंच. त्यामुळे रुळावरच्या ड्रायव्हरला हातांचं काय करावं कळत नाही. कुणी मांडीवर ठेवतो, कुणी तंबाखू मळतो. मी मांडीवर ठेवतो.

पहिल्या दिवशी फेरी मारून परत आलो, उतरताना सहज लक्ष गेलं. स्टिअरिंगच्या मधला कंपनीचा बिल्ला तिरका होता. चांगला पाव वेढा फिरलेला. मी वाकून पिन बघितली, ती घट्ट होती. बाहेर जाऊन चाकं बघितली, दोन्ही सरळ. मनात म्हटलं, आत दातरे झिजले असतील, स्टिअरिंग नुसतंच फिरत असेल. नव्या गाडीत जुना माल खपवतात, काय सांगावं. सगळं खोलून बघितलं. दातरे इतके कोरे होते की बोट कापलं.

बिल्ला सरळ करून सगळं परत बांधलं. लेथवर काम करणाऱ्या मिलीमीटरला नवी पिन करायला सांगितली. त्याला मिलीमीटर म्हणतात, कारण तो चहासुद्धा मोजून पितो.

"जुनीला काय झालं?" त्याने विचारलं.

"ढिली वाटते."

त्याने जुनी पिन मापून बघितली आणि माझ्या हातात परत ठेवली. "पिन नाही ढिली. तूच झोपत जा जरा."

४

दुसऱ्या दिवशी मी फेरीभर स्टिअरिंगवरून नजर हलवली नाही. गाडी पंधराच्या वेगाने चालली होती. खाली लोखंडी चाकांची एकसुरी घरघर. दीडशे मीटरवर स्टिअरिंग डावीकडे फिरलं, हळू, पूर्ण एक वेढा, आणि हातातून सोडावं तसं परत आलं. मग बराच वेळ काही नाही. मग जरासं उजवीकडे, लगेच सरळ. गाडी मात्र नाकासमोर जात होती. माझे हात मांडीवर होते आणि मी ते तिथे घट्ट दाबून धरले होते, का ते मला सांगता येणार नाही.

मी स्वतःशी वाद घातला. हादऱ्याने फिरत असेल. पण हादऱ्याने फिरलं तर थरथरेल, असं समजून उमजून कसं फिरेल? बरं, मी थकलोय, अकरा महिने धड झोप नाही. पण झोप नसलेल्या माणसाला पेंग येते, पूर्ण वेढा दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी ते झटकन डावीकडे गेलं, लगेच उजवीकडे, आणि सरळ झालं. खड्डा चुकवताना करतात तसं. आणि मला तो खड्डा ओळखू आला.

शेडच्या फाटकातून बाहेर पडलं की उजवीकडे, पेट्रोलपंपाशी डावीकडे, मग सरळ रस्ता, आणि लाँड्रीसमोर गटाराचं एक खचलेलं झाकण. भाऊजी शिफ्ट संपल्यावर मला ट्रकमधून ताईकडे जेवायला घेऊन जायचे. नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून त्या रस्त्याने गेलो. ते झाकण चुकवताना दर वेळी म्हणायचे, "धरा मेहुणे." मी दर वेळी उशिरा धरायचो आणि डोकं आपटायचो आणि ते हसायचे. चांगला माणूस होता. एवढ्या चांगल्या माणसाच्या माथी मी हे मारलं.

मग मी हिशोब केला, फिटरच आहे मी. पहिल्या दिवशी फाटकातून उजवीकडे. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंप. जिथे रूळ संपतो तिथे त्या दिवसाचा रस्ता संपतो आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू होतो. आठशे मीटर, सात दिवस. शेडपासून ताईचं घर साडेपाच किलोमीटर आहे.

५

चौथ्या दिवशी मिलीमीटर चाकांची डुगडुग बघायला गाडीच्या बाजूने सायकलवर चालला होता. फेरी संपल्यावर काचेशी आला.

"पिन काढलीस का रे?"

"नाही. का?"

"मग स्टिअरिंग काय फिरवतोयस? रुळावर? हसतील लोक."

मी म्हटलं, "उगाच, हाताला चाळा." तो हसत निघून गेला. मला तेव्हा बरं वाटायला हवं होतं, कारण म्हणजे मला वेड लागलेलं नव्हतं. पण मी पायरी सोडून सरळ उडी मारून खाली उतरलो.

त्याच संध्याकाळी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सांगून टाकायचं ठरवलं होतं. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, होऊ दे. साहेब म्हणजे आमच्या शेडचे प्रमुख, मऊ बोलणारा माणूस. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "तुमचं उदाहरण मी सगळ्यांना देतो. सख्खे मेहुणे असूनही तुम्ही चौकशीत खरं तेच सांगितलंत. सोपं नसतं ते."

मी चहा प्यालो. चांगला होता, असंही म्हणालो. कप विसळून ठेवला आणि बाहेर आलो. बाहेर येऊन शेडच्या मागे भिंतीला तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यासारखा.

६

पाचव्या दिवशी फेरी आटोपून ताईकडे गेलो. ताईचं घर दोन खोल्यांचं. पुढे स्वयंपाक आणि बसायची जागा, आत झोपायची खोली. भाऊजी गेल्यापासून ती हळू बोलते. महिन्यातून एकदा ती त्या गँगमनच्या बायकोकडे जाते, तिची भांडी घासते, फरशी पुसते आणि येते. ती बाई तिच्याशी एक शब्द बोलत नाही. ताई तरी जाते. म्हणते, आपल्या माणसाकडून झालंय, आपण नाही जायचं तर कुणी?

मी बसलो तशी तिने ओट्यावरचे दोन डाव माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"हे दोन दांडे धर. मला एकदा नीट दाखव. पहिला कुठला?"

"ताई, कशाला आता?"

"दाखव ना. मला कुणी दाखवलंच नाही."

मी डावीकडच्यावर बोट ठेवलं. "हा. यावर एक लिहिलेलं असतं."

"मोठं लिहिलेलं असतं?"

"हो."

"तू लिहितोस ना?" ती डावांकडे बघत राहिली. "बावीस वर्षं ते हेच करत होते. घरातून निघताना आधी उजवी चप्पल, मग डावी, यातही कधी चुकले नाहीत. मग एवढा मोठा एक लिहिलेला असताना ते दोन का ओढतील?"

मी म्हटलं, "माणूस आहे. होते चूक."

तिने मान हलवली. डाव उचलून परत ठेवले. मग पाठमोरी राहूनच म्हणाली, "एक विचारू? वेडी म्हणू नकोस. चार-पाच दिवस झाले, दुपारी तीनच्या सुमाराला ट्रकचा आवाज येतो. आधी लांबून यायचा, कळत पण नव्हतं. काल पाण्याच्या टाकीपाशी होता. आज टाकीच्या अलीकडे, शाळेच्या भिंतीशी. मी बाहेर जाऊन बघते तर रस्ता रिकामा."

"ट्रक काय, शंभर जातात."

"गिअर बदलताना क्लच दोनदा दाबतो," ताई म्हणाली. "ते दाबायचे तसा."

मला तिथेच सांगता आलं असतं. ती पाठमोरी होती, तोंडसुद्धा बघावं लागलं नसतं. मी म्हटलं, निघतो, उशीर होतोय. साडेपाचही वाजले नव्हते.

७

सहाव्या दिवशी मी आजारी आहे म्हणून कळवलं आणि घरी पडून राहिलो. तीन वाजता मिलीमीटरचा फोन आला. "तुझी गाडी सुरूय, इंजिन चालू ठेवून गेलास की काय काल?" मी म्हटलं, बंद कर. तो म्हणाला, चावीच नाहीये आत. थोड्या वेळाने परत फोन केला. झाली बंद आपोआप, म्हणाला. पण फेरीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती, मातीच्या ढिगाशी, आणि तिथे कुणी नेली ते शेडमध्ये कुणाला माहीत नाही. साहेबांपर्यंत जाऊ नये म्हणून त्याने चार पोरं लावून ती ढकलत मागे आणली होती. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

म्हणजे मी नसलो तरी चालणार होतं. सातव्या दिवशी मी गेलो ते एवढ्यासाठी, की ती ताईच्या दाराशी पोचेल तेव्हा निदान मी आत असावं. खरं सांगायचं तर हेही पूर्ण खरं नाही. मला वाटलं, मी आत बसलो तर कदाचित ब्रेक मारून थांबवता येईल.

तीन वाजता निघालो. शाळा कालच मागे पडली होती. पुढचं वळण आलं, स्टिअरिंग फिरलं. मग दवाखान्याशी डावीकडे. सहाशे मीटरवर मी ब्रेकवर पाय ठेवला, दाबला, पूर्ण जोर दिला. पेडल खाली गेलं नाही. खालून कुणी तळवा लावून धरलं होतं असं वाटलं. मी हात उचलून स्टिअरिंग पकडलं. ते गरम होतं, नुकतंच कुणाच्या तरी हातात असल्यासारखं, आणि माझ्या मुठींसकट सावकाश उजवीकडे फिरलं, अरुंद गल्लीत गाडी घालताना फिरवतात तसं, थोडं थोडं, अंदाज घेत. मी हुंदके देत होतो. भाऊजी, मी सांगतो, मी आज सांगतो, असं काहीतरी बोलत होतो.

ढिगाच्या बऱ्याच अलीकडे गाडी थांबली. इंजिन बंद झालं. आणि माझ्या खालची सीट वर आली. लांब सीटवर शेजारचा माणूस उठला की येते तशी.

८

स्कूटरने साडेपाच किलोमीटर गेलो. लाँड्रीसमोरच्या झाकणात चाक गेलं, पडता पडता वाचलो. मनात वाक्य घोकत होतो. पाइप मी उलटे बसवले. भाऊजींनी एक नंबरचाच दांडा ओढला. मग मी ते गुपचूप सरळ केले. तीन वाक्यं. लहान मुलालाही पाठ होतील.

ताईच्या दाराची कडी लावलेली नव्हती. मी ढकलायच्या आत तिनेच उघडलं. केस विंचरलेले होते. गेल्या अकरा महिन्यांत तिचा चेहरा इतका निवांत मी पाहिला नव्हता.

"हळू बोल," ती म्हणाली. "ते आत्ताच पडलेत."

आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. फटीतून कॉटची कड दिसत होती. कडेवरून एक हात खाली लोंबत होता, मनगटापर्यंत ग्रीसने काळा. बोटं मिटलेली नव्हती, उघडीही नव्हती. काहीतरी गोल धरून ठेवल्यासारखी वाकलेली होती. बाकी माणूस दाराआड होता. मी पुढे झालो नाही.

"काही बोलले नाहीत," ताई हळूच म्हणाली. "मी विचारलं, कसं हो झालं तसं? तर एवढंच म्हणाले, तो येतोय, त्याला विचार." तिने माझ्या दंडावर हात ठेवला. बालपणी मी घाबरलो की ठेवायची, तसाच. "सांग ना. काहीही असू दे. मी काही म्हणणार नाही तुला."

तिचा हात ऊबदार होता. तिचे डोळे माझ्यावर होते. तीन वाक्यं माझ्या जिभेवर होती, मला त्यांची चव लागत होती. आणि मी बघितलं की हे ऐकल्यावर ती हा हात काढून घेईल. एवढंच. तुरुंग नाही, नोकरी नाही. तो हात.

"काही नाही गं," मी म्हटलं. "सहज आलो."

ताईने मान आतल्या दाराकडे वळवली आणि मी लहानपणापासून ऐकत आलेल्या तिच्या घरगुती आवाजात म्हणाली,

"अहो, तो काही नाही म्हणतोय."

आतली कॉट करकरली.